नळ कुंपणाच्या बाहेर

प्रिय आत्या,
जय भीम.

तू इथून परत गेलीस त्याला वर्ष होत आलं आणि पत्र आज लिहितेय, कारण उद्या सकाळी मीटिंग आहे. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

पॅसिफिकमधलं एक चिमुकलं बेट आहे. समुद्र आत शिरला आणि तिथल्या विहिरी खारट झाल्या. यंदा पाऊसही नाही. जहाजानं बाटल्या येतील तेव्हा लोक पितात. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आमची कंपनी तिथे बसवतेय, आणि त्याचं डिझाइन माझ्याकडे आहे. यंत्र तिथल्या एका हॉटेलच्या जागेत, कारण पुरेशी वीज तिथेच. गावासाठी एक नळ. तो कुठे, माहितेय? हॉटेलच्या कुंपणाच्या आत! वॉचमन गावकऱ्यांचे कॅन भरून देणार म्हणे.

हे ऐकलं आणि तू आठवलीस. इथे अमेरिकेत, बॉथेलला आली होतीस, तेव्हा रेस्टॉरंटमध्ये वेटर तुझ्या ग्लासात वरून पाणी ओतायला लागला आणि तू सरळ त्याच्या हातातला जग काढून घेतलास! तो बिचारा सॉरी सॉरी करत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर तू सांगितलंस, लहानपणी विहिरीवर तुम्हाला पोहऱ्याला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. कुणी आलंच नाही तर तसंच परत. इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस? आधी का नाही गं बोललीस?

नळ बाहेर घ्या, असं मी मॅनेजरला म्हटलं. त्याचं म्हणणं, पाणी तर तेच आहे, आणि अडून बसलो तर हॉटेल जागाच नाकारेल. मग तो एक नळही गेला. तो खोटं बोलत नाहीये, आत्या. माझ्या हट्टापायी तिथली पोरं तहानलेली राहिली तर?

म्हणून आज लोसाला फोन लावला. बेटावरच्या गावाच्या पाण्याचं तीच बघते. धोका सगळा सांगितला.

"बाहेरच मागा," ती म्हणाली. "हॉटेल नाही म्हणालं तर पुढचं भांडण आमचं. पण आतल्या नळाला आमच्या नावानं हो म्हणू नका."

मी हो म्हणणार नाही. हा शब्द तुला देते. माझ्या नोकरीचं काय होईल कोण जाणे. पण मीटिंगमध्ये लोसा फोनवर असेल, आणि तिच्या गावाचं तीच बोलेल.

तुझी,
सुजाता