घोडा असून पायी

सोनुन आत्या,

घरी घोडा असताना माणसानं पायी का चालावं? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. बिश्केकला पाच वर्षं तुझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटात बसून मी मानसशास्त्र शिकले, पण हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत आला नाही. आपल्या गावात तो रोज येतो. असो, आधी तुला वाकून सलाम. कंबर कशी आहे, शेजारणीशी बोलणं सुरू झालं का, सगळं कळव. आम्ही इकडे बरे आहोत. (बाबा बरे नव्हते, ते पुढे येईलच. पत्र सुरू केल्यापासून मी तीनदा उठून खिडकीशी जाऊन आले आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.)

दवाखान्यात मी चालण्याचा उपचार सुरू केलाय. मन जड झालेल्यांनी दर गुरुवारी माझ्याबरोबर कुरणाच्या वाटेनं चालायचं, मान खाली घालून गवत बघायचं, चार मोजत श्वास घ्यायचा, बोलायचं नाही. सहा नावं आली. पहिल्या गुरुवारी गावाच्या टोकापर्यंत पोचेतो तीन गाड्या थांबल्या आणि तिघांनी विचारलं, घोडे मेले का तुमचे? चौथ्यानं काही न विचारता आमच्यातल्या दोघांना गाडीत घालून नेलं, आणि ते गेलेही, कारण नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. (दोघंही त्या दिवशी फार प्रसन्न होते. हे अहवालात कसं लिहायचं?) उरलेल्यांत बूरूल आजी. न बोलण्याचा नियम त्यांना इतका आवडला, की त्याच्याविषयी त्या तासभर बोलल्या.

हा सगळा खटाटोप खरं तर बाबांसाठी, हे तुला सांगायला नको. आई हिवाळ्यात गेली तेव्हापासून त्यांनी तिचं नाव घेतलेलं नव्हतं. रडले नव्हते. यंदा उन्हाळ्यात कुरणावर तंबूही नेला नाही. उपचार म्हटलं की गोठ्यात जाऊन बसायचे. म्हणून दुसऱ्या गुरुवारी मी त्यांना सांगितलं, वाटेत कुत्री फार आहेत, कोणी जाणतं माणूस बरोबर हवं. आले. घोड्यावर बसून आले. सहा माणसं मान खाली घालून श्वास मोजताहेत आणि मागून माझे वडील घोड्यावर, जणू आम्हाला बाजारात विकायला नेताहेत. मी म्हटलं, बाबा, सगळ्यांनी पायी चालायचंय. "पोरी, एवढं शिकलीस ते चालायला?" असं म्हणाले, पण उतरले. खोगीर तसंच ठेवून लगाम हातात धरला आणि मागे राहायची सवय नाही म्हणून आमच्या पुढे झाले.

आत्या, पुढचं तू ओळखलं असशील. मी ओळखलं नाही. (पदवीधर ना मी.) पुढे खोगीर घातलेला रिकामा घोडा, मागे मुकी, मान खाली घातलेली माणसं. गेलेल्याचा घोडा आपल्याकडे असाच तर नेतात. वर खिंडीपलीकडून आलेल्या लोकांचे चार तंबू आहेत, फोन तिथे लागत नाही. आधी पुरुष बाहेर येऊन रीतीप्रमाणे काठीवर वाकून हुंदके देत उभे राहिले, मग तंबूतून बायकांचा विलाप सुरू झाला. कोण गेलं हे एकालाही ठाऊक नव्हतं, पण तेवढ्यासाठी कोणी थांबत नाही. मी नोंदवही हलवत धावले, की अहो कोणी गेलेलं नाही, हा उपचार आहे. बूरूल आजींनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "गप गं. चांगले रडताहेत, कशाला अडवतेस?" न बोलण्याचा नियम पाळला गेला तो एवढाच, आणि तोही माझ्याकडून. तोवर दुखवट्याच्या जेवणासाठी एक मेंढी कापूनही झाली होती.

तेवढ्यात उलझान काकू पुढे आल्या. त्या आईच्या कुरणावरच्या शेजारीण. दर उन्हाळ्यात दोघींचं दूध एकाच चुलीवर तापायचं. यंदा आईचे गुडघे दुखत असतील म्हणून ती आली नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्या बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सातारभाऊ, कोण गेलं?"

बाबा "कोणी नाही" म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी लगाम माझ्या हातात दिला.

"आयगान गेली," ते म्हणाले. "माझी बायको."

मग त्या पुरुषांच्या रांगेत गेले, एकाची काठी मागून घेतली, तिच्यावर वाकले आणि रडले. मेंढी शिजेपर्यंत रडले. मग जेवले, दोनदा मागून घेतलं. परतताना घोड्यावर बूरूल आजींना मागे बसवून, आईनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांच्या खाऱ्या चहात मिठाऐवजी साखर घातली होती, ती गोष्ट खालपर्यंत सांगत आले. दवाखान्याला मी अहवाल दिला: शांतता पाळली नाही, श्वास मोजले नाहीत, चालणं अर्धवट राहिलं. सुधारणा: आहे.

तुझी,
एलनुरा

ता. क. सोबत वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या पाठवते आहे. उलझान काकूंनी त्या आईसाठी बाजूला ठेवल्या होत्या. थोड्या शेजारणीलाही दे.

आणखी ता. क. खरं मागणं हे आहे. त्या दिवशी घोडा मी धरून उभी होते. आवाजानं तो बिचकला होता, सोडता येत नव्हता, आणि दुसऱ्या हातात नोंदवही होती. म्हणून मला रडता आलं नाही. अजूनही येत नाही, नुसती खिडकीशी जाते आणि परत येते. बाबा म्हणतात मी धरतो, पण ते घोडा धरून माझ्याकडेच बघत राहतील. येत्या गुरुवारी घोडा धरायला तू येशील का? कंबर दुखते असं कळवण्याआधी एवढं वाच: नोंदवहीत सातवं नाव मी माझंच लिहून टाकलंय, शाईनं, आणि वर कुरणावर काकूंकडे निरोपही गेलाय.