रिकाम्या स्वयंपाकघराचा सीन

३ डिसेंबर
विश्वजितला रक्तच हवंय! कॉलेजच्या शॉर्टफिल्मचा दिग्दर्शक तो, सजावट माझी. अरे, बाई गुपचूप घर सोडून गेलीये, खून नाही झालाय. "मग थ्रिलर कसला?" म्हणे – रिकाम्या खोलीचीच जास्त भीती वाटते, हे याला कोण सांगणार! सीनमध्ये त्या बाईची धाकटी बहीण दारात येते, बघते, आणि तिला कळतं. संवाद नाहीच. कशावरून कळतं, ते मी ठरवायचं.

४ डिसेंबर
शूटिंग आमच्याच सिडकोतल्या घरात. दुपारभर स्वयंपाकघरात लोळत पडले. जाळीतून ऊन येतं, सरकत सरकत ओट्यावर चढतं, डब्यांवर जरा टेकतं, मग देवघराकडे जातं. घरात कुणी नसलं तरी ते असंच फिरत राहील. छान वाटलं. फ्रेम रंगवली: उघडं कपाट, विस्कटलेल्या साड्या, उलटी चप्पल.

बाबा आले. आई समोरच उभी, तरी मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, चहा." नेहमीचंच.

६ डिसेंबर
आईला चित्रं दाखवली. लसूण सोलता सोलता बघत राहिली. "असं कुणी जातं का गं? जाणारी बाई सगळं आवरून जाते. दूध तापवून, झाकून." आणि चपला? "रोजच्या दाराशीच ठेवायच्या. चपला दिसल्या की बाई घरातच हाय वाटतं. हाकसुद्धा कुणी मारत नाय."

अंगावर काटा! मग नेणार काय? सोललेली पाकळी वाटीत टाकली. "अन्नपूर्णा. ती माहेरून येते ना लग्नात. बाकी सगळं इथलंच."

गळ्यातच पडले तिच्या. तूच दिग्दर्शक हो, म्हटलं! हसली. मग विचारलं, "शूटिंग कधी?" रविवारी. "बरं."

८ डिसेंबर
नवी फ्रेम. देवघरात सगळे देव जागेवर. मधे वाटीभर तांदूळ, त्यात अन्नपूर्णा बसायची तेवढा खळगा, त्यावर ऊन. बहिणीची नजर तिथे थांबते. विश्वजित म्हणाला, "लई भारी! रक्त कॅन्सल." दिवसभर तरंगतेय मी.

११ डिसेंबर
काल शूटिंग झालं, अन्नपूर्णा मी परत तांदळात बसवली होती. आज कॉलेजातून आले. आईच्या चपला दाराशी होत्या, म्हणून हाक मारली नाही. दूध तापवलेलं, झाकलेलं. ऊन देवघरापर्यंत पोचलेलं. तांदळात खळगा.

हॉलमधून बाबा – "तुझ्या आईला सांग, चहा."