नाही म्हटलेलं

४ नोव्हेंबर १९३८

शिपाई येऊन गेले. गवताच्या गंजीत संगिनी खुपसल्या, गोठ्यातल्या शेणात खुपसल्या, एकाने तर माझ्या गादीतही खुपसली. आता तिच्यातली मक्याची सालपटं बाहेर येणार आणि मला टोचत बसणार. शूर लोक!

म्हणे बालेन्दिन पळाला. लढाईत धरलेल्या कैद्यांना रस्ता फोडायला जुंपलं होतं, तिथून. माझा मुलगा पळाला हे मला त्यांच्या तोंडून कळलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दुधाची चरवी हातात होती, ती खाली ठेवली, इतकंच.

सार्जंटला आमची भाषा येत नाही. म्हणून नगरकचेरीतला कारकून पेर्फेक्तो बरोबर असतो. आईबापांनी नाव ठेवलं पेर्फेक्तो, म्हणजे ज्यात काही खोट नाही असा. त्यांना घाई झाली असावी.

त्याने विचारलं, मुलगा कुठे आहे. मी म्हटलं, मला मुलगा नाही. त्याच बालेन्दिनच्या बारशाला हा पेर्फेक्तो गोड खाऊन ओकला होता. तरी त्याने मुकाट्याने सार्जंटला सांगितलं. सार्जंट म्हणाला, चर्चच्या वहीत तर आहे. मी म्हटलं, वहीत असेल तर वहीतून घेऊन जा.

ते गेले. मागे वळते तर बिबियाना दारात, तोंडावर पदर धरल्यासारखा हात. माझी नणंद. लग्न केलं नाही, भावाचं घर सोडलं नाही, आता भाऊ नाही तरी आहेच.

"वहिनी, काय बोललीस हे! नाही म्हटलंस? पोटच्या पोराला नाही म्हटलंस?"

झालं सुरू.

५ नोव्हेंबर

तिचं म्हणणं असं. आन्बोतो डोंगराच्या कड्यावर गुहेत बाई राहते, मारी. तिचं पोट लोकांच्या खोट्यावर भरतं. ज्याच्याकडे जे आहे ते तो नाही म्हणाला की ते तिचं झालं. एका धनगराने चीज असून नाही सांगितलं, घरी जाऊन बघतो तर फळी रिकामी. या देशात उंदीर नसतात वाटतं!

मी म्हटलं, तसं असेल तर बाईच्या गुहेत पाय ठेवायला जागा नसेल. इथे प्रत्येक घर शिपायांना नाही म्हणतंय. डुक्कर नाही, मका नाही, बंदूक नाही.

ती म्हणाली, "मक्याचं वेगळं, माणसाचं वेगळं."

तू बाईवर विश्वास ठेवतेस तरी का, विचारलं. तर जुनंच उत्तर: आहेत म्हणू नये आणि नाहीत म्हणू नये. असल्या उत्तरावर कोणी घोडा तरी विकत घेईल का?

दुपारी तिने दारावर वाळलेलं काटेफूल नवं ठोकलं. जुनं होतंच. रात्रीची भुतं दाराशी आली की त्याचे काटे मोजत बसतात आणि मोजता मोजता उजाडतं, म्हणे. शिपाई काही मोजत बसले नव्हते. सरळ आत आले.

९ नोव्हेंबर

पुन्हा आले. पुन्हा गंजी उसवली. मला आनंद झाला! कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. ते शोधतायत म्हणजे सापडलेला नाही. जे सापडतात त्यांचं काय करतात ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.

तेव्हा येऊ देत. गंजी पुन्हा रचता येते.

१० नोव्हेंबर

ही वही मक्याच्या पोत्यात ठेवते. बिबियानाला वाचता येत नाही. शिपायांना आमची भाषा वाचता येत नाही. पेर्फेक्तोला दोन्ही येतं, पण तो पोत्यात हात घालायचा नाही. उंदराला भितो.

१३ नोव्हेंबर

चर्चला गेलो. आपला म्हातारा पाद्री हाकलला, त्याच्या जागी नवा. प्रवचन सगळं कास्तेलियनमध्ये, शिपायांच्या भाषेत. अर्धी बाकं झोपली होती, उरलेली खोकत होती. देवाला तरी आमची भाषा येते की त्यालाही पेर्फेक्तो लागतो?

परत येताना बिबियानाने रस्ताभर डोकं खाल्लं. एकदाच मोठ्याने म्हण, उघड्यावर, डोंगराकडे तोंड करून: मला मुलगा आहे. म्हणजे ते 'नाही' परत फिरेल. मी म्हटलं, उघड्यावर? म्हणजे डोंगराआधी सार्जंट ऐकेल. त्यावर ती म्हणाली, शिपाई माणसाला मारतात, पण बाई माणसाला ठेवून घेते. यात काय बरं काय वाईट ते तिने सांगितलं नाही.

शेजारच्या घरचा चोमिन मागून चालत होता. त्याने तिलाच दुजोरा दिला. त्याच्या आजोबांनी बाईला बघितलंय, पेटलेल्या विळ्यासारखी आभाळातून जाताना. तुझे आजोबा सफरचंदाची दारू पिऊन घरी येत, मी म्हटलं, त्यांना आभाळात अजून बरंच काही दिसायचं. चोमिन हसला. बिबियाना नाही हसली.

१७ नोव्हेंबर

आले. गोठा, माळा, चूल. सार्जंटला सर्दी झालीय. छान.

२४ नोव्हेंबर

या आठवड्यात आले नाहीत.

२९ नोव्हेंबर

आले नाहीत. वर पहिलं बर्फ. बर्फामुळे नसतील येत. चकचकीत टोप्या खराब होतात.

बिबियाना काही बोलत नाही. नुसती बघते. बोलली असती तर बरं, दोन शब्द सुनावता आले असते. आज चेस्टनट भाजताना सगळे जाळले तिने आणि मी काही बोलले नाही. हे बघून ती आणखीच घाबरली.

२ डिसेंबर

या बाईचं काय करावं!

सकाळी उठते तर बिबियाना नाही. एडका नाही. चोमिनही घरी नाही. दोघं बाईला वाहायला एडका घेऊन गुहेकडे गेले होते! तिला गुडघे नाहीत, त्याला दम नाही, आणि वर घसरण. एडका तेवढा धड. संध्याकाळी खाली आले. एडका परत आणला. तोच शहाणा निघाला, आत जायला तयार होईना.

गुहेचे नियम आहेत म्हणे. आत बसायचं नाही. जसं तोंड करून गेलात तसंच निघायचं, पाठ दाखवायची नाही. आणि बाईशी बोलायचं ते अगं-तुगं करून. तुम्ही म्हटलेलं तिला चालत नाही.

आता बिबियाना आयुष्यात कोणाला तू म्हणत आली? मला आणि कोंबड्यांना. पाद्रीला तुम्ही, पेर्फेक्तोला तुम्ही, स्वतःच्या सख्ख्या भावालासुद्धा तुम्ही. गुहेच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाईसाहेब, आमच्या वहिनीचं तेवढं मनावर घेऊ नका, तुम्ही."

तुम्ही!

मग चूक लक्षात आली. घाबरून वळली आणि पाठ दाखवून पळाली. दोन्ही नियम मोडले. चुलीशी बसून रडत होती. आपणच घालवलं पोराला, म्हणे. मी तिचे ओले मोजे काढले, पाय चोळले आणि म्हटलं, व्याकरणासाठी पोरगं ठेवून घेणारी बाई असेल तर तिला शाळामास्तरीण करा. आपल्या शाळेत तरी काय वेगळं होतं? आपली भाषा बोललं की छडी, तिथे तुम्ही म्हटलं की शाप.

तिला ताप चढलाय. लसणाचं गरम सूप दिलं.

३ डिसेंबर

ताप उतरला. लगेच बोलायला लागली. म्हणाली, "तू गेली असतीस तर जमलं असतं, वहिनी. तू सगळ्यांनाच तू म्हणतेस."

खरं आहे. बिशप आला असता तरी त्याला तूच म्हटलं असतं. त्यात काय अवघड.

नाही जाणार. गाय व्यायला झालीय.

६ डिसेंबर

शिपाई नाहीत.

धुकं. कडा दिसत नाही. भाकऱ्या थापताना, बिबियाना गोठ्यात होती तेव्हा, मी "आहे" म्हणून बघितलं. हळू. तव्याला सांगितल्यासारखं. मूर्खपणा सगळा! मक्याची भाकरी करपली.

९ डिसेंबर

पेर्फेक्तो एकटाच आला. टोपी हातात. त्याच्या हातात टोपी बघितली आणि मला कळलं.

कोळसे पाडणाऱ्यांना आन्बोतोच्या कड्याखाली एक जण सापडला. गुहेच्या बरोबर खाली. अंगावर कैद्याचे कपडे. ओळख पटवायला चल म्हणाला. बिबियाना जमिनीवर बसली. तिला चोमिनच्या बायकोकडे सोडलं आणि निघाले.

नगरकचेरीच्या मागे लाकडं ठेवायची पडवी आहे, तिथे फळीवर ठेवला होता. गिधाडांनी चेहऱ्याचं काही ठेवलं नव्हतं. पाय उघडे होते. बूट कोणीतरी आधीच काढून नेले. मी पाय बघितले. बराच वेळ बघितले.

पेर्फेक्तो हळूच म्हणाला, आपल्या भाषेत, "काकू, नीट बघ. घाई नाही."

"बघितलं."

"तोच का?"

"हो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. मग सार्जंटला सांगितलं.

सार्जंट नाक शिंकरत म्हणाला, या बाईने तर मुलगाच नाही असं सांगितलं होतं. पेर्फेक्तोने ते मला सांगितलं. मी म्हटलं, "तेव्हा तुम्हा शिपायांना हवा होता, म्हणून नव्हता. आता तुम्हाला नकोय, म्हणून आहे."

पेर्फेक्तोने ते फारच थोडक्यात सांगितलं असावं. सार्जंटने मान हलवली आणि कागद पुढे केला. मी सही केली. मला सही येते हे बघून त्याला नवल वाटलं.

११ डिसेंबर

पुरलं. दफनभूमीत आमच्या घराच्या जागी, नवऱ्याशेजारी.

सगळं खोरं आलं होतं. ज्या बाया महिनाभर माझ्या दारावरून मान खाली घालून जात होत्या त्याही आल्या. आता यायला हरकत नव्हती. मेलेल्याच्या घरी गेलं तर शिपाई विचारत नाहीत.

सगळ्यात जवळचा शेजारी म्हणून रीतीप्रमाणे चोमिनने घरची कामं केली. गाईंना उठवून सांगितलं. मधाच्या पेट्यांवर टकटक करून माश्यांना सांगितलं, तुमचा धनी गेला, त्याच्या वातीसाठी तुम्ही आता मेण जास्त करा. माश्यांना तुम्ही आणि बाईला तू! उलटा कारभार आहे सगळा. चोमिन रडत होता. मी त्याला दारू दिली. नेहमीपेक्षा जास्त.

लाकडी क्रुसावर चोमिन नाव कोरायला बसला तर पेर्फेक्तोने अडवलं. आपल्या भाषेतलं नाव चालत नाही आता, मेल्यावरसुद्धा. कास्तेलियनमध्ये पाहिजे. म्हणून बालेन्दिनचं वालेन्तीन कोरलं. शिपायांच्या राज्यात मातीलाही परीक्षा द्यावी लागते.

चर्चमध्ये आमच्या घराच्या ठरलेल्या जागेवर मेणाची वात मी लावली. एकाच काडीत. बाया आपसात कुजबुजत होत्या, बघा, दगड आहे. असू दे.

घरी आल्यावर बिबियाना बोलली. साठवलेलं सगळं एकदम बोलली. मी नाही म्हटलं म्हणून बाईने नेला. कड्यावरून खाली टाकून दिला, म्हणे, तिच्या दारात. मी जीभ आवरली असती तर पोरगा जिवंत असता. मला आई म्हणू नये.

मी तिचं ताट वाढलं. जेवली नाही.

तिला उत्तर देता आलं असतं. पण तिला एखादी गोष्ट सांगितली की चोमिनला कळते, चोमिनला कळली की त्याच्या बायकोला कळते.

१५ डिसेंबर

हे लिहिते आणि आजच ही वही चुलीत घालते.

तो माझा नव्हता. पाय गोरे, मऊ, बारीक बोटांचे. जन्मात कधी अनवाणी डोंगर चढलेला नव्हता तो. शहरातलं कोणाचं तरी पोर, वाट चुकलेलं. बालेन्दिनचे पाय मी अंधारात ओळखीन, बापासारखे, फावड्यासारखे. आता कोणी त्याला शोधणार नाही. वालेन्तीन नावाचा मुलगा मी जन्माला घातलेलाच नाही.

कुठेतरी त्या पोराची आई असेल. तिच्या दारात शिपाई अजून जात असतील, गाद्या उसवत असतील. आणि ती मनात म्हणत असेल, शोधतायत ना, म्हणजे आहे.

तिला कोण सांगणार? मी तर नाही.