बीटरचा जोडीदार

सोमवार
अखेर नोकरी लागली! रेल्वेच्या जुन्या अवजारांच्या खोलीचा रखवालदार. बायको म्हणाली, इतके दिवस घरी बसून माझं डोकं खाल्लंस, आता लोखंडाचं खा. खोली दगडी, दार एकच, वर हातभर झरोका. भिंतीवर पहारी, रूळ उचलायचे चिमटे, हातकंदील, सगळं जोडीजोडीनं टांगलेलं. एकटा फक्त बीटर: एक टोक कुदळीसारखं, दुसरं बोथट, रुळांखालच्या आडव्या तुळईखाली, म्हणजे स्लीपरखाली, खडी ठासायला. सासरे जन्मभर लाइनीवर राबले, म्हणून त्यांना विचारलं, याचा जोडीदार कुठाय. हसले. म्हणाले, जावईबापू, एका हातानं टाळी वाजत नाही. एकट्यानं ठोकलं की खडी पलीकडून निसटते. म्हणून दोघं समोरासमोर. आणि खडी पक्की झाल्याशिवाय कुणी हात थांबवायचा नाही.

मंगळवार
खोलीच्या मधोमध लोकांना दाखवायला खडीवर एक स्लीपर मांडलाय. राहवलं नाही, बीटर उचलून दोन-चार ठोके हाणले. भिंतीपलीकडून तितकेच आले! वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. मीही चेव येऊन ठोकत राहिलो, तोही. बाहेर जाऊन पाहिलं तर चिटपाखरू नाही. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, नोकरी सोडायला आत्तापासून कारणं शोधू नकोस.

बुधवार
दाराच्या आत खडी साचलीय. झाडून काढली. जेवून येतो तर पुन्हा तेवढीच. स्लीपरखालची जागची हललेली नाही. मग ही आली कुठून?

गुरुवार
आत आलो, दार लोटलं, आणि आता ते उघडत नाही. आतल्या बाजूला उघडणारं दार, त्याला खडी टेकलीय. फोनला रेंज नाही. ओरडून घसा बसला. पहारीनं दार ठोकलं — बाहेरून लगेच तसेच ठोके, आणि खडी गुडघ्यापर्यंत. सुटायला मी ठोकतो, आणि तो मला ठासतोय. आता हात आवरायचे. बायको शोधत येईलच.

गुरुवार, संध्याकाळ
आली! रडत होती. वडिलांना आणते म्हणून पळाली. मी घोगऱ्या आवाजात सांगत होतो, ठोकू नका — तिला ऐकूच गेलं नाही. आई गं, फार भीती वाटतेय.

नंतर
सासरे आले. स्वतःचा बीटर घेऊन. दाराखालच्या फटीतून खडी फोडताहेत — ठोका — मी उलट ठोका दिला. बीटर कधी उचलला, देवाशप्पथ आठवत नाही. डाव्या हातानं लिहितोय. उजवा ऐकत नाही. खडी छातीशी — बाबा, थांबा —

बायको आनंदानं ओरडतेय, ऐका, आतून साथ देतोय, जिवंत आहे, आणखी जोरात —

खडी पक्की झाल्याशिवाय कुणी हात