एक पोहा, दोन वडा

३ फेब्रु., मंगळ.
यांना हिंगोलीला दाखवून आणलं. वाचा-उपचाराच्या मॅडमनी तंबी मलाच दिली. पक्षाघाताच्या झटक्यापासून यांच्या तोंडचा शब्द मी हिसकावून घेते म्हणे. आता रोज सकाळी हॉटेलात न्यायचं, खायला यांनीच मागायचं, मी गप्प. वसतिगृहाच्या मुलींना गप्प बसवण्यात माझी अख्खी नोकरी गेली!
१५ला मैत्रिणींबरोबर हंपी. अट माझीच, यांच्यासमोरच घातलेली: यांना स्वतःचा नाश्ता धड मागता आला तर जाईन. रात्री सोबतीला पुतण्या येईल. वर्ष झालं, दवाखाना सोडून गोरेगावच्या बाहेर पाऊल नाही.

४ फेब्रु., बुध.
घरासमोरच गयाबाईचं हॉटेल. हे बराच वेळ शब्द शोधत होते. मग, "एक पोहा." सगळे हसले. जन्मभर याच गावात मराठी शिकवलं यांनी. गयाबाई हसली नाही. "एक काहून सर, घमेलंभर केलेत," म्हणाली आणि बशी ठेवली.
चहा मात्र बिनचूक मागितला. एक चहा, दोन चहा. तिथं चुकायला जागाच नाही.

७ फेब्रु., शनि.
काल "दोन वडा". आज नुसतंच "वडे". गयाबाईनं ताटली भरून आणली. सर म्हणतील तेच आणायचं, हे मीच तिला बजावलेलं. संपवावे लागले. दिवसभर करपट ढेकर.
सुमनचा फोन. हंपीला शाल लागेल का? घे म्हटलं.

१० फेब्रु., मंगळ.
घरी घोकून घेतलं. एक वडा, दोन वडे. एक पोळी, दोन पोळ्या. हे मान हलवतात, बोलत नाहीत. हॉटेलात माझ्याकडे बघत, "एक वडे."
हंपीची पिशवी अर्धी भरून कपाटावर ठेवली आहे. यांच्या पलंगावरून दिसते.

१२ फेब्रु., गुरु.
डोकं ठणकत होतं, गेले नाही. हे काठी टेकत एकटेच गेले. राहवेना, म्हणून मागून गेले. हॉटेलच्या दाराआड उभी राहिले.
"दोन वडे. एक चहा. अन् बाईंसाठी पोहे बांधून द्या."
एक अक्षर चुकलं नाही.
मी यांच्याआधी परत आले, पडून राहिले. यांनी आणलेले पोहे खाल्ले.

१३ फेब्रु., शुक्र.
आज बरोबर गेले. "एक भज्या."
निघताना गयाबाईनं बाजूला घेतलं. "बाई, काल तुमी नव्हत्या तं सर बराबर बोलले. तुमी बसल्या की चुकतात. तुमाला भेत असतील."
भीत असतील? की मी हंपीला जाऊ नये म्हणून मुद्दाम चुकतात? दोन्हींपैकी कोणतं बरं, ते ठरवता येत नाही. पहिलं असेल तर मी जायलाच हवं. दुसरं असेल तर...

१४ फेब्रु., शनि.
हॉटेलात समोरासमोर बसलो. गयाबाई वाट बघत उभी. हे "दोन" म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द माझ्या जिभेवर. गिळला.
मग मीच म्हटलं, "चार दिवस. चार दिवसांनी येते मी."
यांनी पिशवीकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले.
"चार दिवस."
स्पष्ट म्हणाले. पण दिवसाचंही चहासारखंच, चुकायला जागा नाही. त्यावरून काही कळत नाही.
जीप सकाळी सातला. पिशवी अजून अर्धीच.