मास्तरांची पाळी

मंगळवार, संध्याकाळ.
कुंभारवाड्याच्या पलीकडची वाडी.

पालकसभेवरून आताच आलो. शेवंताचा प्रश्न मास्तरांनी हसण्यावारी नेला. तेच डोक्यात घोळतंय.

शेवंताच्या पोराच्या, मारुतीच्या, पायांत बळ नाही. त्याला संडासला उचलून न्यावं लागतं, म्हणून ती दिवसभर शाळेच्या पडवीत बसते. आता भातकापणी आली, तिला शेतात जायलाच हवं. मास्तरांनी सरळ सांगितलं, "आई बसणार नसेल तर पोराला घरीच ठेवा." आणि सभेचं नाव काय, तर पालकांचं सहकार्य! एकानं हुकूम सोडायचा, दुसरीनं पडवीत बसायचं, हे सहकार्य?

मी भाषणाला उठणार, तेवढ्यात शेवंताच उठली.

"मास्तर, शेतातली रानडुकरं रातीची हाकलायला आमी दर घराला पाळी लावतो. एकाच घरानं जागायचं न्हाई. मग मारुतीला मी एकटीच व्हय? शेजारची घरं पाळी घ्यायला तयार हायत. तुमची पाळी कवा?"

"मास्तर उचलतील गं, पण कंबर धरली तर मास्तरांना कोण उचलणार?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मास्तरही हसले. आणि त्या हसण्यात तिचा प्रश्न विरला.

मी विरू देणार नाही. माझं मूल शाळेत नाही, मी शेवंताचा नुसता शेजारी; तुम्ही शाळेचे कोण, असं मास्तर मला विचारतील. विचारू देत. उद्या प्रार्थनेआधी जाईन. भाषण नाही. आठवड्यातला एक वार मी घेतो, एक तुम्ही घ्या, एवढंच म्हणेन. शेवंता कापणीला जाईल. मास्तर वार सांगेपर्यंत मारुतीला मी उचलेन, रोज, त्यांच्या डोळ्यांसमोर.