पाट्यावर लिंबू

नीला,

छिन्नीनं ठोकून पाट्याला टाकी लावणाऱ्या मालुबाईंच्या घरी जातो आहे. दुपारी आई त्यांना गल्लीत सगळ्यांसमोर जाब विचारणार आहे. "टाकी लावायला दिला आणि त्या बयेनं माझा पाटाच बदलला," असं ती कालपासून म्हणते आहे. मी येईपर्यंत तिला थांबव.

पाटा बदललाय हे खरं. आपला जुना काळ्या दगडाचा होता. जमिनीतून वर आलेला तप्त रस थिजला की तसा दगड होतो, म्हणून त्यात बुडबुड्यांची बारीक भोकं होती. नव्यात एकही नाही. काल त्यावर लिंबू पिळलं तर तो हळूच फसफसला, म्हणजे हा चुनखडीचा. पाण्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचून, दबून तो बनतो. (देवघरातल्या संगमरवरी गणपतीवर करून पाहू नकोस, तोही फसफसेल. चुनखडीच जमिनीत खोल भाजून, दबून संगमरवर होते.)

मालुबाईंकडे सगळे दगड जवळच्या खाणीतले, काळे. चुनखडीचा दगड बागलकोटकडे मिळतो. पाटा नेला आणि आणला चिंतामणकाकांनी, आणि मधल्या दोन दिवसांत ते बागलकोटला जाऊन आले. जुना हातून पडून फुटला असेल तर तसं सांगावं. आई मालुबाईंना चोर म्हणते आहे आणि काका कालपासून गप्प जेवताहेत.

काका झोपेतून उठले की त्यांच्यासमोर पाट्यावर लिंबू पीळ. दगडाकडे बघू नकोस, त्यांच्या तोंडाकडे बघ.

दादा